पहिला अंक न पाहिलेला देवराम

रसिक मायबापहो, एक अत्यंत गंभीर घोषणा शांतपणे ऐकावी. आमच्या नाटक मंडळाचा सर्वांत निष्ठावान प्रेक्षक, ज्याने आयुष्यात एकाही नाटकाचा पहिला अंक पाहिला नाही, तो महिन्याभरापूर्वी गेला. माझा बालमित्र देवराम. नेहमीसारखा संध्याकाळी सातला झोपला आणि पहाटे तीनला उठला नाही... त्यावरूनच वहिनींना कळलं.

सडक अर्जुनीजवळच्या आमच्या गावात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि नाटक रात्रभर चालतं. त्यात मी खलनायक. देवराम तीनला उठून, अंघोळ करून, टिनाची खुर्ची डोक्यावर घेऊन शेवटच्या अंकाला पहिल्या रांगेत हजर. तीस वर्षं त्यानं मला मरताना पाहिलं. दरवेळी विचारायचा, "पन कायले मारतेत बे तुले?" मी मिशी काढत म्हणायचो, "जागा राहून पाह्य ना."

ते त्याच्या हातात नव्हतं. स्वतःच्या लग्नात तो मुंडावळ्यांसकट झोपला. गाव त्याला दारुडा म्हणायचं. एकदा म्हणाला, "कोंडून ठेवल्यासारखं वाटते रे. मी जागा होतो तवा सारा गाव झोपून राह्यते. बोलू कोनासंग?"

त्याची मुलगी मनीषा गोंदियाला जीवशास्त्र शिकवते. तीही सातलाच पेंगते. तिनं समजावलं, शरीराच्या घड्याळात एक प्रथिन रोज साचतं आणि मोडतं. त्याच्यावर फॉस्फेटचे बारीक ठप्पे बसतात. ठप्पा कुठे बसला यावर ते किती टिकणार हे ठरतं. काही घराण्यांत जनुकातल्या एका चुकीनं एक ठप्पा बसतच नाही. प्रथिन लवकर मोडतं, घड्याळ पुढे पळतं. "बाबांची तपासणी झाली नाही काका, पण असंच असावं."

देवराम शेजारीच बसून ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजे मी आळशी नोहो." आणि लगेच माझ्याकडे वळून, "मंग पयला अंक एकडाव दुपारी करून दाखव ना."

"दुपारी नाटक कोन करते बे? पुढच्या मंडईले पाहू."

पुढची मंडई यायची आहे...

तेरवीच्या दुपारी, पंगत उठल्यावर, आम्ही मंडळवाले त्याच्या अंगणात पहिला अंक करायला उभे राहिलो. मिशी लावली. पुढे टिनाची खुर्ची रिकामी, शेजारी वहिनी. पहिल्याच प्रवेशात मी सख्ख्या भावाला विहिरीत ढकललं. कोणी हललं नाही. वहिनी मात्र खुर्चीकडे झुकल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलून गेल्या,

"पाहा जी... याच्यासाठी मारतेत यायले."