धमक

हिंगोलीतला माझा कॉम्प्युटरवाला मूळचा शिरड शहापूरकडचा. तिकडे अधूनमधून जमिनीतून गडगड आवाज येतो आणि घरं हादरतात. शहरात दुकान टाकलं तरी त्याची गावची सवय काही गेली नाही. काउंटरवर स्टीलच्या ताटात एक पेला पालथा आणि त्यावर दुसरा. जमीन हलली की आधी तो वरचा पेला वाजतो.

साउंड कार्ड आणि स्पीकर घ्यायला गेलो, तेव्हा तो नेहमीसारखा शेवटचा शब्द दोनदा म्हणत बोलत होता.

"नुसत्या पिच्चरला साधं कार्ड चालतं, चालतं. गेमला भारी घ्या, घ्या. मागून कोण येऊन राहिलं ते बराबर कळतं, कळतं."

"आणि आवाजाची धमक?" मी विचारलं.

"धमक काहून पायजे तुमाला, तुमाला?" तो पुटपुटला. तरी त्याने चपला काढल्या, अनवाणी पाय फरशीवर टेकवले आणि मोठा स्पीकर लावला. स्पीकर वाजवताना तो चपला का काढतो, याचं मला आजवर हसूच यायचं.

कॉम्प्युटरवर लावलेल्या पिच्चरमध्ये स्फोट झाला. पेला खणखणला.

"हाच द्या!" मी खूश होऊन म्हणालो.

तो स्वतःच्या पावलांकडे बघत राहिला. मग वाकून त्याने प्लगच उपटला. स्पीकर गप्प झाला.

वायर त्याच्या हातात लोंबत होती आणि पेला वाजतच होता.

"बाहेर निघा," तो म्हणाला. एकदाच.