खुब्यातला सिरॅमिकचा गोळा

म्हशीने मान फिरवली आणि मला गव्हाणीच्या दगडावर आदळलं. न्हावऱ्याच्या आमच्या गोठ्यात, ऐन धारेच्या वेळी. खुब्यातून कपबशी फुटावी तसा आवाज आला. तो खुबा कृत्रिम होता. गोळा आणि वाटी, दोन्ही सिरॅमिकचे. आधी म्हैस आवळून बांधायला लावली, मग धार दुसऱ्या कुणाला काढायला सांगितली, मग बोंबलले.

नवऱ्याने गाडी हॉस्पिटलकडे काढायची, तर तो केंदूरहून हाडं बसवणाऱ्या आप्पांना घेऊन आला.

"सांधा सरकलाय. कट्ट वाजलं की झालं काम," म्हणत आप्पांनी मांडीवर पाय रोवला आणि माझी तंगडी पिळून ओढली. कट्ट वाजलंच नाही. आत काच कुटल्यासारखं कर्रकर्र झालं. मी दुसऱ्या पायाने त्यांच्या तोंडावर लाथ घातली. नाकातून रक्त आलं.

"बाई हाय का म्हस?" ते उपरण्याने नाक दाबत ओरडले.

पुण्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. गोळ्याचे तुकडे मांसात घुसले होते, ओढाओढीने आणखी खोल.

"आता लोखंडच टाका सायेब," नवरा म्हणाला. "ही चिनी माती न्हाई पायजे."

"कितीही धुतलं तरी बारीक कण आत राहतात. ते धातूला कानशीसारखे घासतील. पुन्हा सिरॅमिकच घालावं लागेल," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "गोळा ज्यावर बसतो, तो हाडातला दांडा धड असेल तर ठीक. नसेल, तर मांडीचं हाड चिरून तो काढायचा. मग पूर्वीसारखं चालाल, असं सांगता येत नाही."

"सही कुठं करू?" मी विचारलं.

कमरेखाली बधिर केलं होतं, पण मी जागी होते. वेदना नव्हती, दणके होते. वाटी उपटताना टेबल हादरत होतं, माझे दात एकमेकांवर आपटत होते. तुकडे स्टीलच्या भांड्यात टणटण पडत होते.

"दांडा घट्ट आहे. थोडे ओरखडे आहेत," पडद्यापलीकडून डॉक्टर म्हणाले. "त्यावर धातूची टोपी चढवू, वर सिरॅमिकचा नवा गोळा. हातोडा द्या."

"हातोडा नको! फुटंल ओ!"

"ताई, सैल राहिला तरच फुटेल. एकच ठोका."

दण्ण.

त्यांनी पाय वाकवला, फिरवला. आतून काहीच वाजलं नाही.

दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिले. नवऱ्याने दंड धरला, तो हिसडून सोडवला.

"बाजूला व्हा," म्हटलं, आणि त्या पायावर सगळा भार टाकला.