फुटबॉल बघणाऱ्याचा नकाशा

आमच्या घरात गणितं मराठीत सुटायची आणि नकार कन्नडमध्ये यायचा. अव्वा, म्हणजे माझी आई, स्वयंपाकघरातून नुसतं ‘ब्याड’ म्हणाली की विषय संपला. ‘नको’ म्हटलं तर माणूस आणखी दोनदा विचारून बघतो. ब्याड म्हटल्यावर कोणी विचारत नाही. मला पाहून गेलेल्या चार मुलांच्या वाट्याला हे ब्याड आलं होतं. चारही वेळा ते अव्वाच्या तोंडून बाहेर पडलं, पण शब्द माझ्या वडिलांचा, म्हणजे अप्पांचा होता.

अप्पा गणिताचे निवृत्त मास्तर. सात रस्ता चौकापासून चार पावलांवर आम्ही राहायचो. मी सव्वीस वर्षांची, मुलींच्या शाळेत भूमिती शिकवणारी, आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या हुशारीवर भलतीच खूश असलेली. बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. ते दिवस आठवू लागले की सोलापूर मला नेहमी दुपारी साडेचारचं दिसतं. ऊन कललेलं, हवेत धूळ तरंगतेय, कुठूनतरी मागांची खटखट येतेय आणि कोणालाच कसली घाई नाही. खरं शहर तसं नसणार, पण माझ्याजवळ राहिलंय ते असंच.

अप्पांची एक रीत होती. पाहायला आलेल्या मुलाला ते पगार विचारत नसत, कोडं घालत. आठ शेरांचा भरलेला हंडा, जवळ पाच शेरांचं आणि तीन शेरांचं अशी दोनच भांडी, आणि दूध बरोबर चार-चार शेर वाटायचं. पहिल्या चौघांपैकी एकानं उत्तराऐवजी घाम पुसला होता आणि एकानं आपण दूध पीत नसल्याचं सांगितलं होतं.

पाचवा मुलगा चादरीच्या कारखान्यात नक्षी काढणारा होता. आमच्यातलाच, घरी कन्नड बोलणारा. पांढरा शर्ट, उजव्या तर्जनीला शाईचा न निघणारा डाग. कोडं ऐकून त्यानं डोळे मिटले, बोटं मांडीवर इकडून तिकडे फिरवली आणि म्हणाला, “सात वेळा ओतावं लागंल.” उत्तर अचूक होतं. अप्पांनी शेंगापोळीची ताटली स्वतःच्या हातानं त्याच्यापुढं सरकवली. आमच्या घरात याहून मोठी पदवी नव्हती.

मला एक प्रश्न विचारायची मुभा होती. मी विचारलं, “तुमचं काम नेमकं काय असतं?”

“चौकटीच्या कागदावर नक्षी मांडतो,” तो म्हणाला. “आमच्या कारखान्यात चादर पालथी विणत्यात. सरळ बाजू खाली, जमिनीकडं. म्हणून कागदावर डावं ते उजवीकडं काढायचं. फूल असलं तर कोणाला कळत न्हाय, पण नाव विणायचं आसलं की डोकं लावावं लागतं.” बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. समोर मागच असल्यासारखा हवेत हात हलवत होता. मला तो तेव्हाच आवडला. पालथ्या चादरीची सरळ बाजू मनात बघू शकणारा माणूस मी आधी कधी पाहिला नव्हता.

मग अप्पांनी सहज विचारलं, “छंद काय?”

“फुटबॉल.”

“खेळता?”

“न्हाय. बघतो. दर रविवारी.”

अप्पांनी ताटली परत ओढून घेतली नाही, एवढंच. चेहऱ्यावरून मात्र सगळं पुसलं गेलं. फुटबॉल म्हणजे त्यांच्या लेखी घसा फोडून ओरडणारी, चेंडू जाईल तिकडं मान फिरवणारी मंडळी. आमच्या शाळेच्या शिक्षकांच्या खोलीतही हेच चालायचं. बुद्धिबळवाले शहाणे, क्रिकेटवाले सभ्य, आणि फुटबॉलवाल्यांची अक्कल गुडघ्यात. तो गेल्यावर अप्पा म्हणाले, “खेळणाऱ्याची अक्कल निदान गुडघ्यात तरी असते. नुसतं बघणाऱ्याची तिथंही नसते.” मी हसले. हसले हे कबूल करायलाच हवं. दुधाचं उत्तर बरोबर होतं, असं मी हळूच म्हणून पाहिलं, तर अप्पा म्हणाले, “पाठ असेल.”

तरी हे स्थळ मावशीनं आणलेलं. मुलाचं घर बघितल्याशिवाय नकार कळवायचा नाही, ही आमच्याकडची पद्धत तिनं पुढं केली. निघताना मुलानं अप्पांच्या समोर उभ्याउभ्या कागदावर नकाशा काढून ठेवला होता. नावगाव काही नाही, नुसत्या रेघा आणि छोटी चित्रं. चौकातला हातपंप, तिथून गल्ली, पिठाची गिरणी, विहीर, मग घर. घराला त्यानं दारात तुळस काढली होती. तो कागद मी तीन दिवस भूमितीच्या पुस्तकात ठेवला आणि वर्गात पुस्तक उघडलं की आधी तुळस बघायची.

रविवारी दुपारी अप्पा आणि मी टांग्यानं विणकरांच्या वस्तीत हातपंपापाशी उतरलो. अव्वाचं डोकं दुखत होतं, ती आली नाही. नकाशा माझ्या हातात होता. पंपापासून डावीकडे वळायचं होतं, वळलो. गिरणी काही दिसेना. मग फिरून फिरून एक गिरणी दिसली, पण चुकीच्या अंगाला. दारादारांतून मागांचा आवाज येत होता, रंगवलेलं सूत दोऱ्यांवर वाळत होतं, लाल, मग हिरवं, मग पुन्हा लाल, आणि त्याच्याखालून वाकून जाताना मला आपण घर शोधतोय याचाच विसर पडत चालला होता. तेलुगूत कोणी काही विचारलं, अप्पांनी मराठीत चुकीचं उत्तर दिलं, आणि आम्ही पुढं निघालो. एका विहिरीपाशी नकाशा म्हणाला डावीकडे. डावीकडे गेलो आणि गल्ली एकदम संपली. समोर मिलची उंच भिंत, भिंतीअलीकडे मोठं उघडं मैदान, आणि मैदानाभोवती दोन-अडीच हजार माणसं. फुटबॉलची फायनल चालली होती.

“बघ,” अप्पा म्हणाले. “त्याच्या नकाशानं घराऐवजी बरोबर इथं आणून सोडलं. डावं-उजवं कळत नाही आणि म्हणे नक्षी काढतो.” ते इतके तापले होते की मला थांबायला सांगून टांगा शोधायला निघून गेले.

मी एका कडुलिंबाखाली उभी राहिले. बायका तिथं दोनचारच होत्या. खांद्यावर टॉवेल टाकलेले एक आजोबा दगडावर बसले होते. मी घाबरले असेन असं वाटून त्यांनी सरकून जागा दिली.

“बसा की बाई. पयल्यांदाच बघताय व्हय?”

मी हो म्हटलं. माझी मान चेंडूमागं फिरत होती, ते त्यांना दिसलं असावं.

“चेंडूकडं बघू नगा,” ते म्हणाले. “चेंडू काय, सगळ्यास्नी दिसतोय. मोकळी जागा कुटं हाय ते बघा. खेळ तितं हाय.”

मी तसं बघायला लागले. सुरुवातीला नुसती धूळ. मग धुळीत तीन माणसांचा एक त्रिकोण दिसला. तो लांबट झाला, मोडला, त्यातला एक कोन पळत पुढं गेला आणि त्याला नवे दोन सोबती मिळाले. आजोबा पुटपुटत होते, “आता उजवीकडं सुटंल,” आणि चेंडू तिकडं सुटत होता. शेजारचा त्यांच्याशी वाद घालत होता, पाचव्या मिनिटापासून त्या पोराचा डावा पाय दुखतोय, त्याच्याकडं टाकण्यात काय शहाणपण. अडीच हजार माणसं ओरडत होती खरी, पण ती चेंडू गेल्यावर ओरडत नव्हती, जायच्या आधी ओरडत होती. तीन वर्षं मी फळ्यावर त्रिकोण काढत होते आणि माझा एकही त्रिकोण कधी हलला नव्हता. ऊन तिरपं झालं, मिलच्या धुराड्याची सावली मैदानभर लांबली, आणि मला वाटलं आपण कायम इथंच बसलेलो आहोत, शाळा, कोडी, अप्पा हे सगळं कधीतरी वाचलेलं आहे. इतकं हलकं मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटलंय.

ऊन डोळ्यांवर आलं म्हणून मी हातातला कागद कपाळापुढं धरला. शाईच्या रेघा पलीकडून उजळल्या. पाठीमागून दिसणाऱ्या त्या नकाशात गिरणी होती तिथं गिरणी होती, विहीर होती तिथं विहीर. पंपापाशी उजवीकडे, विहिरीपाशी उजवीकडे. त्यानं नकाशा पालथा काढला होता. अप्पा समोर उभे, त्यांची परीक्षा नुकतीच झालेली, हात घाबरलेला, आणि घाबरलेला हात रोजच्या वळणानं गेला होता. मला मोठ्यानं हसू आलं.

आजोबांनी वाकून कागद पाहिला. “ही आमच्या नक्षीवाल्याची रेघ हाय,” ते म्हणाले. “आज फायनल, आन पठ्ठ्या आला न्हाय बघा. घरी मुलीकडचे येणार हायत. मुलगी गणिताची बाई हाय म्हणं, लई हुशार. चार दिस झालं, एकच इचारतोय, आजोबा, माझ्यासारखा तिला चालंल का?”

विहीर तिथून दिसत होती. विहिरीवरून सरळ पलीकडे गेलं की पाच मिनिटांवर दारात तुळस.

तेवढ्यात अप्पा टांगा घेऊन आले. दुरूनच म्हणाले, “चल. असल्या बिनडोक माणसाच्या घरी जाण्यात अर्थ नाही.” फक्त तो कागद उन्हात धरून त्यांना मागून दाखवायचा होता, बस. मी तो घडी करून पर्समध्ये टाकला. कारण सांगते. मी बोलले असते तर मुलगा मला हवाय हे अप्पांना कळलं असतं, आणि आमच्याकडे मुलीला हवं असणं ही शोभणारी गोष्ट नव्हती. पण ते अर्धंच कारण. टांगा बघताना मला शिक्षकांची खोली आठवली होती. फुटबॉलवाल्याची बायको, असं तिथं कोणीतरी म्हणेल, आणि सगळ्याजणी हसतील, मी परवा हसले तशा. मला त्याची लाज वाटली.

बुधवारी अप्पांनी नकाराचं पत्र सांगितलं आणि मी ते लिहिलं, कारण घरात माझं अक्षर चांगलं. पत्रिका जुळत नाही, असं नेहमीचं लिहिलं. पाकीट चिकटवायच्या आत पोस्टमन आला. मुलाचंच पत्र होतं, अप्पांच्या नावानं. अप्पांनी ते मोठ्यानं वाचलं.

“गुरुजींस सा. न. वि. वि. रविवारी अंधार पडेपर्यंत आपली वाट पाहिली. मग लक्षात आलं की नकाशा मी कामाच्या सवयीनं पालथा काढला. त्या नकाशानं चालल्यास माणूस मैदानावर पोचतो. म्हणून सोमवारी तिथं चौकशी केली. एक बाई आल्या होत्या, त्यांनी कागद उन्हात धरून मागून पाहिला आणि हसल्या, असं कळलं. म्हणजे रस्ता त्यांना समजला होता. तिथून आमचं घर पाच मिनिटांवर आहे. तरी आपण आला नाहीत, तेव्हा उत्तर मला मिळालं आहे. पत्रिकेचं वगैरे लिहिण्याची तसदी घेऊ नये. चूक माझी होती. आपल्याला उन्हात फिरावं लागलं, क्षमा असावी.”

अप्पांनी ते पत्र मनात पुन्हा एकदा वाचलं. एखादी सिद्धता तपासताना ते जसे ओळीओळीवर बोट ठेवत, तसं बोट ठेवून. कुठंच चूक नव्हती. मग त्यांनी चष्मा काढला.

“तुला तिथंच कळलं होतं?”

“हो.”

“आणि मुलगा? पसंत नव्हता का?”

“होता,” मी म्हणाले. हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं होतं, आणि ऐकायला अप्पा होते.

स्वयंपाकघरातून या वेळी ब्याड आलं नाही. अप्पा माझ्याकडे बघत राहिले, वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलीनं पेपर कोरा दिल्यावर बघतील तसे. “अगं, मग...” ते म्हणाले, आणि थांबले. त्यानंतर ते अठरा वर्षं जगले, पण ते वाक्य त्यांनी कधी पुरं केलं नाही. आणि मीही त्या पाच मिनिटांच्या रस्त्यानं गेले नाही.