गुलाबी घुबड

दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत एक गृहस्थ कवळ्या बनवायचे. सगळे त्यांना कवळीवाले म्हणत. डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचा ठसा पाठवत, हे मेणात दात बसवत, घासूनपुसून चकचकीत करत आणि डबी बाहेर धाडत. वीस वर्षांत आपली एकही कवळी त्यांनी कुणाच्या तोंडात पाहिली नव्हती. लग्न जमता जमता राहिलं, बहीण परगावी. कुणाशी बोलायचं म्हटलं की यांची दातखीळ बसायची. आता कवळीवाल्याचीच दातखीळ बसली तर दाद कुणाकडे मागायची?

रविवारी दुपारी मात्र ते औषधवाल्यांच्या घरी जात. तिथे चौघांचा एक खेळ रंगे. औषधवाले गोष्ट सांगायचे, बाकीचे तिघं त्यातली पात्रं व्हायचे आणि पुढे काय घडणार ते फासे ठरवायचे. कवळीवाले जादूगार होते. काही मंत्र समोरच्याला हात लावल्याशिवाय चालत नसत, आणि या घरची रीत अशी, की खेळात हात लावायचा तर टेबलावरही खरोखर हाताला हात लावायचा. ही रीत कळली त्याच दिवशी यांच्या जादूगारानं घुबड पाळलं. जादूगार मागे थांबणार, मंत्र घुबड पोचवणार. नियमात बसत होतं. कवळीच्या उरलेल्या गुलाबी मसाल्यातून त्यांनी एक घुबड घडवलं आणि हाताऐवजी ते पुढे सरकवू लागले.

"पाळायला घुबडच सापडलं का हो तुम्हाला?" औषधवाल्यांची बायको हसायची.

समोर ग्रंथालयातल्या बाई बसत. खेळात त्यांची तलवारवाली सगळ्यांच्या पुढे धावायची. तीन वर्षं कवळीवाले आठवडाभर त्या दुपारची वाट पाहत, आणि दुपार आली की बाईंकडे पाहायचं सोडून फाशांकडे पाहत. बाई त्यांना आवडायच्या, झालं! यात लपवण्यासारखं काय होतं? पण त्यांनी लपवलं.

मग बाईंची बदली झाली. शेवटच्या रविवारी कवळीवाले मनाशी ठरवून आले, की आज सांगायचंच, तुम्ही गेल्यावर मला करमणार नाही. दोन तास गेले, तोंडातून शब्द फुटेना.

खेळात एक मोडकं दार आलं. लाथेनं उघडलं असतं, पण सवयीनं यांनी कुलूप उघडायचा मंत्र देऊन घुबड पाठवलं. आतून बाण आला आणि घुबड मेलं. मागोमाग राक्षस बाहेर पडला, त्यानं तलवारवालीला आडवं केलं.

"या फेरीत जीवदानाचा मंत्र मिळाला नाही तर संपली ती," औषधवाले म्हणाले. "आणि तो फक्त तुमच्याकडे आहे."

"नवं घुबड बोलावतो."

"त्याला तास लागतो, कवळीवाले."

बाईंचा हात टेबलावर होता, बोटाला शिक्क्याची शाई लागलेली. मग कवळीवाल्यांनी दोन बोटं त्या हातावर टेकवली.

"वाचली!" औषधवाल्यांची बायको ओरडली.

बाईंनी हात काढला नाही. "मला वाटायचं, तुम्हाला मी नकोशी आहे," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्यापर्यंत कायम ते घुबडच यायचं. बदली मी मागून घेतली. म्हटलं, इथे आपलं असं कोण आहे?"

"आता रद्द नाही का होत?"

तीन वर्षांत खेळाबाहेरचं काही त्यांनी बाईंना पहिल्यांदाच विचारलं होतं.

"परवा तिकडे रुजू व्हायचंय," बाई म्हणाल्या.