मागचा आवाज
हेडफोनच्या घामट स्पंजचा वास आला आणि शाहूपुरीतलं ते ऑफिस आठवलं. परदेशातल्या वृद्धाश्रमांच्या नर्सेस नोंदी बोलून रेकॉर्ड करून पाठवायच्या, आम्ही त्या टाईप करायचो. एका सकाळी नर्स गोड आवाजात सांगत होती, पाणी दिलं, आजींनी नाकारलं. आणि त्याच रेकॉर्डिंगमध्ये मागून एक म्हातारी कोरड्या घशाने सारखं पाणीच मागत होती. मी तेही टाईप केलं. साहेबांनी वाकून ती ओळ पुसली. "नर्स बोलती तेवढंच लिहायचं की! म्हातारी तुझी आत्या लागती व्हय?" सगळे हसले. एरवी मान वर न करणाऱ्या मी ती ओळ पुन्हा टाईप केली आणि त्यांच्यादेखत फाईल पाठवून दिली. नोकरी गेली. म्हातारीला पाणी मिळालं का, कुणास ठाऊक. त्या हसण्याचा राग मात्र मला अजून गिळता आलेला नाही.