अध्यक्षकाकांचं तिसरं ‘नको’

जगाच्या पाठीवर कुठल्याही देशाच्या अध्यक्षाने मुदतवाढ मागितली की अध्यक्षकाका त्याचा राग आमच्यावर काढत. रविवारी सकाळी सिंगापूरच्या ईस्ट कोस्टला समुद्रकाठी फिरणं झालं की आम्ही हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांवर कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्यायला बसायचो. आम्ही बसायचो, काका उभेच. एका हातात कप, दुसऱ्या हातात मोबाइल. मध्येच ते ओरडत, "बघा, आणखी एक गेला!" नवखा माणूस दचकून विचारी, "कोण गेलं, काका?" गेला म्हणजे वारला नव्हे. कुठल्याशा देशाच्या अध्यक्षाने दोनच मुदतींची अट घटनेतून काढून टाकली आणि तो तिसऱ्यांदा उभा राहिला, याला काका ‘गेला’ म्हणत. "दुसरी मुदत संपत आली की या लोकांना देश एकदम संकटात दिसायला लागतो. पहिल्या मुदतीत बरा नाही कधी दिसत!" एवढं बोलून ते आमच्याकडे असे बघत, की ती घटनादुरुस्ती जणू आम्हीच कोपी पिता पिता मंजूर केली होती.

ते स्वतः अध्यक्ष होते आमच्या इथल्या मराठी मंडळाचे. हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत उभी हयात काढून निवृत्त झालेले, इथले नागरिक झालेले, मुलगी पुण्यात दिलेली. त्यांचं खरं नाव सगळे विसरले होते. घरी काकूसुद्धा "अहो अध्यक्ष, कुकर बंद करा" म्हणत. टॅम्पिनीसला आम्ही कार्यक्रमासाठी हॉल घ्यायचो, तिथल्या काउंटरवरच्या चिनी बाईंनी आमची हाक ऐकून ऐकून ते त्यांचं आडनाव समजून घेतलं आणि त्या मोठ्या अदबीने "मिस्टर अध्याक्सा" म्हणू लागल्या. काकांनी त्यांची चूक कधी दुरुस्त केली नाही. "आडनाव म्हणून वाईट नाही. फक्त आडनावाला मुदत नसते, तेवढं जपायला हवं," असं ते म्हणत आणि स्वतःच हसत.

मंडळाच्या घटनेत दोन मुदतींची अट काकांनीच घातली होती, तीही स्वतः अध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी. त्यापूर्वी एक गृहस्थ वर्षानुवर्षं अध्यक्षपदावर होते. माणूस भला, पण हळूहळू कोजागरी त्यांच्या कॉन्डोच्या गच्चीवर, हळदीकुंकू त्यांच्या हॉलमध्ये आणि नाटकात नायक त्यांचा मेहुणा, असं सगळं होत गेलं. मेहुण्याला पाठांतराचं वावडं होतं. "कोणालाच काही खटकलं नाही, मला तेच खटकलं," काका सांगत. त्यांनी भांडून, रुसवेफुगवे सोसून ती अट मंजूर करून घेतली होती.

बसणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नव्हतं. सभेतसुद्धा ते अध्यक्षांच्या खुर्चीमागे उभे राहून तिच्या पाठीला धरून बोलत. कार्यक्रम सुरू असताना माइकची वायर नीट कर, मागच्या रांगेतल्या आजींना पुढे आण, कोणाचं बाळ रडायला लागलं की त्याला घेऊन व्हरांड्यात चकरा मार, असं त्यांचं अखंड चाललेलं असे. एकदा एका मुलाची नोकरी गेली. नोकरीबरोबर इथे राहायचा पासही जाणार, घरमालक दारात. काकांनी त्याला महिनाभर आपल्या घरी ठेवलं आणि त्याला नवी नोकरी मिळेपर्यंत ओळखीतल्या एकूण एक मॅनेजरला भंडावून सोडलं. काकू वैतागून म्हणत, "निवृत्त झाल्यापासून हे माझ्या स्वयंपाकघरात मीठ-साखरेच्या डब्यांच्या जागा बदलतात. मंडळ नसतं ना, तर रोज मिठाचा चहा प्यायले असते मी." हे त्या चेष्टेत म्हणत, पण चेहरा चेष्टेचा नसे.

आणि आग्रह! गणपतीतल्या जेवणावळीत काका जिलबीचं ताट घेऊन निघाले की माणसं दोन्ही हात आडवे घालून पानावर ओणवी होत. उपयोग नसे. त्यांचं शास्त्र पक्कं होतं. "पहिलं नको शिष्टाचाराचं असतं. दुसरं लाजेचं. तिसरं ऐकल्याशिवाय वाढणाऱ्याने पुढे सरकायचं नाही." गंमत अशी, की तिसरं ‘नको’ म्हणण्याइतका दम सहसा कोणातच नसे. माणूस दोनदा नाही म्हणून थकतो, तिसऱ्या खेपेला हसतो, आणि तेवढ्यात जिलबी पानात पडलेली असते. मीही पडू दिलेल्या आहेत.

काकांची दुसरी मुदत संपत आली तेव्हा आमचे खजिनदार परांजपे यांनी ठराव आणला, की दोन मुदतींची अट घटनेतून काढून टाकावी. मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटला. एरवी तिथे सुप्रभात आणि भाड्याच्या फ्लॅटची चौकशी यापलीकडे काही नसे. आता लोक ऑफिसच्या मीटिंगमधून लोकशाहीवर लिहू लागले. परांजप्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. सभासदांना जर तोच माणूस हवा असेल, तर नियमाने त्यांचा हात धरणारे तुम्ही कोण? मतदान आहेच की. नको असेल तेव्हा पाडा. शिवाय इथे निम्मी माणसं पासवर आलेली. आज आहेत, उद्या सिडनीला. टिकून राहणारा माणूस एकच. काकांनी ग्रुपवर दोनच ओळी लिहिल्या: "निवडायचा हक्क तुमचा, मान्य. पण मी उभा असताना दुसरं कोण उभं राहणार?" त्यावर तीसेक जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली आणि काकांच्या मोठेपणाची वाहवा केली. त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यावं असं एकालाही वाटलं नाही.

सभेच्या आदल्या शनिवारी दुपारी काका आमच्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटवर आले. मी बँकेत आहे. लोक नियम पाळतात की नाही हे बघण्याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे काहीतरी कलम-बिलम विचारायला आले असतील असं मला वाटलं. काका खिडकीशी गेले, पंख्याखाली आले, पुन्हा खिडकीशी गेले.

"तू ठरावाच्या बाजूने आहेस?" त्यांनी विचारलं.

"काका, तुमच्याइतकं काम दुसरं कोण करणार? मी बाजूनेच आहे."

"हो ना. माझंही तेच मत आहे," काका म्हणाले, आणि मग एकदम, "मला राहायचंय गं. मला अध्यक्ष राहायचंय. सकाळी उठल्यावर करायला काहीतरी आहे, लोकांचे फोन येतात, त्या काउंटरवरच्या बाई मिस्टर अध्याक्सा म्हणतात. हे गेल्यावर मी कोण?"

मी पाणी आणायला उठले तर म्हणाले, "बैस. त्या सगळ्यांना मी इतकी वर्षं नावं ठेवली ना, की कसले निलाजरे आहेत, सुटत कशी नाही यांना खुर्ची? आता कळतंय. ते निलाजरे नसतात. त्यांना कोणीतरी मनापासून आग्रह करत असतं." मग समोर येऊन त्यांनी सांगितलं, "उद्या मी दोनदा नको म्हणेन. तिसऱ्यांदा माझ्याच्याने व्हायचं नाही, मी स्वतःला ओळखतो. तेव्हा तू उठायचंस. तिसरं नको तू म्हणायचंस."

"मीच का?"

"तुझं मन मोडायला मी घाबरतो, म्हणजे माझं मन मोडायला तूही घाबरशील. तरी उठलीस तर लोक ऐकतील."

त्या रात्री मी नवऱ्यावर उगाच खेकसले. दुसऱ्याचं मन मोडायची सुपारी घ्यायची, आणि ती त्याच माणसाने द्यायची, हा कुठला न्याय?

सभेला हॉल भरला होता. परांजपे भावुक होऊन बोलले. काकांनी खुर्चीची पाठ धरली आणि म्हणाले, "आभारी आहे, पण नको." टाळ्या पडल्या. परांजप्यांनी पुन्हा विनंती केली. काका म्हणाले, "नको हो, खरंच नको." आणि मग जे व्हायचं तेच झालं. मागून कोणीतरी ओरडलं, "वाढा, वाढा! अजून दोनच झालेत!" सगळा हॉल हसायला लागला. त्या हसण्यात खरोखरच प्रेम होतं. परांजपे वाकून, ताट पुढे केल्यासारखे दोन्ही हात करून म्हणाले, "अध्यक्ष, आता तरी?" काका गप्प होते. हसले नाहीत, मान हलवली नाही. खुर्चीवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती. ते माझ्याकडे बघतील असं मला वाटलं, पण त्यांनी जमिनीकडे पाहिलं.

मी उठले. मनात जुळवून आणलेली सगळी गोड वाक्यं कुठल्या कुठे गेली. मी म्हणाले, "परांजपे म्हणतात, काकांच्या जागी दुसरं कोणीच नाही. त्यांच्या दोन मुदतींत दुसरं कोणी तयार झालं नाही, ही काकांची स्तुती आहे की तक्रार? हॉलच्या बाई फक्त त्यांना ओळखतात. गणपतीचं मखर कोणाच्या घरी ठेवलंय ते फक्त त्यांना माहीत. आपण सगळे पंगतीत बसलोय आणि एकटे काका वाढतायत. आपल्याला वाढता येत नाही, आणि खरं सांगायचं तर काकांनी आपल्या हातात कधी ताट दिलंही नाही. माझं मत ठरावाच्या विरोधात आहे. नको."

मतदान झालं. घटना बदलायला दोन तृतीयांश मतं लागत. तेवढी पडली नाहीत. सगळ्यात आधी टाळी काकांनी वाजवली. इथल्याच शाळेत वाढलेली माझी लेक परतताना एमआरटी मेट्रोत म्हणाली, "आई, यू वेअर सो हार्श, लाह." मी तिला म्हटलं, "गप्प बस."

त्यानंतर काका रविवारी फिरायला येईनासे झाले. फोन केला तर काकू घेत. "बरे आहेत. डब्यांवर हात चाललाय," त्या म्हणत. पहिल्यांदा मला वाईट वाटलं, मग मला चीड आली. स्वतः घरी येऊन सांगितलं, मी तेच केलं, आणि आता राग माझ्यावर? शेवटी एका संध्याकाळी मी तडक त्यांच्या दारात उभी राहिले. काकांनी दार उघडलं.

"तुम्हीच सांगितलं होतंत," मी म्हणाले.

"हो. तू उठायचंस एवढंच ठरलं होतं," काका म्हणाले. "इतकं खरं बोलायचं ठरलं नव्हतं."

मी तशीच उभी. आतून काकू म्हणाल्या, "तिला आत घ्या, अध्यक्ष नसलात तरी." मग ते बाजूला झाले. मी जेवूनच निघाले. मी बोलले ते बरोबर होतं असंच मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. पण आपल्याला इतक्या आवडणाऱ्या माणसाविरुद्ध बरोबर असणं किती जड जातं, हे मला त्या घरात कळलं.

पुढे काका-काकू मुलीकडे पुण्याला गेले आणि मागच्या वर्षी काका गेल्याचा फोन आला. बातमी ऐकल्यावर मला आठवला तो सिंगापूरमधला त्यांचा शेवटचा गणेशोत्सव. नवी अध्यक्ष होती मृण्मयी, पासवर आलेली आयटीतली मुलगी, वय तिशीच्या आतबाहेर. तिचं पहिलंच वर्ष. काका माझ्या शेजारी येऊन बसले. होय, बसले.

कार्यक्रम सुरू झाला तोच माइक किंचाळला. काका अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. मखर तिरकं होतं. आरतीच्या पुस्तिका कमी पडल्या. कोणीतरी धावत आलं, "काका, एक्स्टेन्शन बोर्ड कुठे असतो?" काका म्हणाले, "अध्यक्षांना विचारा." त्यांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं, आधाराला धरलं असेल. मग लक्षात आलं, की ते स्वतःला खुर्चीत धरून ठेवत होते. बाळ रडलं, पकड घट्ट झाली. जिलबी पंगत संपायच्या आत संपली, तेव्हा तर त्यांनी मनगट इतकं आवळलं, की मी ओरडणारच होते. वाढणारी मुलं एकदाच विचारत होती आणि पहिल्याच ‘नको’वर पुढे जात होती.

शेवटी मृण्मयी घामाघूम होऊन आली, काकांच्या पाया पडली आणि म्हणाली, "काका, कसं झालं? खरं सांगा."

"छान झालं," काका म्हणाले.

आम्ही एमआरटीकडे चालत निघालो. काकू पुढे होत्या. एका दिव्याखाली मी पाहिलं तर त्यांचे डोळे भरून आलेले होते. स्टेशनच्या दारात ते थांबले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सगळं चुकलं गं. एकूण एक गोष्ट चुकली." मग म्हणाले, "आणि तरी झालं!"