तारांगणातली शेळी

आधीच सांगते, मी सांगलीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. अंगात येणं, दृष्ट लागणं असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. लोकांचे असे अनुभव वाचून मी आजवर हसतच आले. आता तुम्ही माझ्यावर हसलात तरी माझी तक्रार नाही...

माझा धाकटा भाऊ दत्ता फौजेत आहे. सध्या उत्तरेला, खूप उंचावर — नेमकं कुठं ते सांगायची त्याला मुभा नाही. आई रहिमतपूरला एकटी असते. मागच्या सुट्टीवरून परत जाताना दत्तानं तिच्याशी एक ठरवलं होतं. फोन लागो न लागो, रात्री जेवण झालं की दोघांनी आपापल्या ठिकाणाहून बाजेकडं बघायचं. बाज म्हणजे सप्तर्षी. चार तारे खाटेचे पाय आणि मागचे तीन ती पळवणारे चोर, असं आमच्याकडं सांगतात. आईच्या लेखी ती लेकाची रोजची भेटच होती.

पावसाळ्यात या भेटीचं काय होणार, हे मायलेकांच्या डोक्यातच आलं नाही. श्रावणात आभाळ असं गच्च भरलं की तारे सोडा, चंद्रही दिसेना. त्यातच दत्ताचे फोन यायचे बंद झाले. आईनं मग नियम उलटा केला — आधी बाज, मग जेवण. आणि बाज काही दिसेना! मी घरी गेले तेव्हा तिचे गाल पार बसले होते. काळजी मलाही लागली होती, फक्त तिला दाखवत नव्हते.

साताऱ्यातल्या एका छोट्या संग्रहालयात यंदाच तारांगण सुरू झालंय. तलवारी आणि जुनी भांडी ओलांडून मागं गेलं की एक घुमट. एका वर्गातली मुलं कशीबशी मावतील एवढाच. रविवारी दुपारी शो असतो. म्हटलं, खरी नाही तर नाही, खोटी बाज दाखवू. दोन घास तरी खाईल.

शो करतात त्या बागवान मॅडम. रेकॉर्ड केलेला आवाज वगैरे काही नाही, बाई स्वतः बोलतात. आणि काय बोलतात! माझ्या वर्गात एवढी शांतता मी कधी अनुभवलेली नाही. घुमटाच्या कडेनं साताऱ्याचे डोंगर काळ्या पत्र्यात कापून लावलेत. दक्षिणेला अजिंक्यतारा, पश्चिमेला यवतेश्वर.

"हे अब्बांचं काम," मॅडम म्हणाल्या. "पत्र्याचे डबे करायचे ते. यवतेश्वराच्या उजव्या अंगाला बघा, देवळाशेजारी त्यांनी आपली लाडकी शेळी उभी केलीय. अंदाज चुकला आणि ती देवळाएवढी झाली!"

मग दिवे गेले. "चला, ढग पुसूया," असं म्हणून त्यांनी बटण दाबलं आणि आख्खं आभाळ उगवलं. मला सगळं यंत्र कळत होतं, तरी मी मान वर करून बघतच राहिले.

मागून कुणीतरी म्हणालं, "आमी दुष्काळी माणचं. आमच्याकडं तारंच हायत बाई, ढग तेवढं तिकडं धाडा."

हसण्याच्या गडबडीत आईला बाज सापडली होती. तिनं हात जोडले. "आवं बाई, माज्या ल्योकाला बी अशीच दिसत आसंल का वो?"

तो फौजेत, पार उत्तरेला असतो, एवढंच मी सांगितलं. मॅडमनी थट्टेवारी नेलं नाही. "मग त्याच्याच आभाळाखाली जाऊ की," त्या म्हणाल्या आणि त्यांनी यंत्राचं चाक फिरवलं. आपल्याकडं डोंगरालगत असणारा ध्रुव हळूहळू वर चढला, त्याच्याबरोबर बाजही वर सरकली. फळ्यावर मी हे कितीदा तरी काढलंय. पण त्या दुपारी मला ते पहिल्यांदा दिसलं.

आणि आई मोठ्यानं बोलली, "दत्ता, जेवलास का रं?"

कुणीही हसलं नाही. मग ती म्हणाली, "आन् ती शेळी बघ की! केवढी हाय रं!" तेव्हा मात्र सगळे हसले. मॅडमसुद्धा.

घरी येऊन आई पोटभर जेवली.

पुढच्या आठवड्यात दत्ताचा फोन आला, लष्करी हॉस्पिटलमधून. त्याच रविवारी दुपारी गस्तीवर असताना तो घळीत घसरला होता. पाय मोडलेला, वर बर्फाचं वादळ. सोबतचे शोधत होते, पण बर्फात काही दिसत नव्हतं; हाका मारून हा दमला होता आणि याचे डोळे मिटायला लागले होते. त्या थंडीत झोप लागली असती, तर संपलंच होतं.

"ताई, भर दुपारी मला बाज दिसली गं," तो म्हणाला. "खाली काळा डोंगर, देऊळ, आन् शेजारी शेळी. देवळाएवढी! एक शिंग वाकडं. मला लय हसू आलं बघ... थांबंचना. त्या हसण्याच्या आवाजावर पोरं आली."

तारांगण सुरू झालं ते दत्ता सुट्टीवरून परत गेल्यावर. आम्ही फोटो काढला नव्हता, शेळीचं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. प्राणवायू कमी पडला की भास होतात, हे मलाही माहीत आहे हो. पण शेळीच का? आणि शिंग? वाकडं शिंग तर आम्हालाही दिसलं नव्हतं.

मी आईला घेऊन पुन्हा साताऱ्याला गेले. मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी दिवे लावले, शिडी लावली आणि स्वतः वर चढल्या. पलीकडचं शिंग मधूनच मागं वाकलं होतं. खुर्च्यांवरून ते दिसणं शक्यच नव्हतं. मॅडमनाही ठाऊक नव्हतं. त्या शिडीवरच डोळे पुसत उभ्या राहिल्या.

योगायोग म्हणावं, तर मलाच पटत नाही.

खाली उतरल्यावर मॅडम म्हणाल्या, "शिंग सरळ करून घेते."

"नगं बाई," आई म्हणाली. "हाय तसंच असू द्या. माज्या पोरानं वळखलीय तिला."